डांबर, मुरूम आणि हौशी चालक

रॅलीक्रॉसची एक हीट जेमतेम तीन-चार मिनिटांत आटोपते. चार-पाच गाड्या एका ओळीत उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि सगळ्या एकदमच पहिल्या वळणाकडे झेपावतात. सुटतात त्या डांबरावरून. वळण पुरं होईतो चाकांखाली मुरूम आलेला असतो. एक लॅप साधारण किलोमीटरभराचा. त्यात थोडं डांबर, थोडी माती-खडी, एखादा चढ, एखादी उडी. असे चार लॅप झाले की झेंडा पडतो, गाड्या पॅडॉकमध्ये परततात, वाकलेलं मडगार्ड ठोकून सरळ केलं जातं आणि थोड्या वेळाने तीच गाडी पुढच्या हीटला उभी असते. दिवसभर अशा हीट चालतात, मग उपांत्य फेऱ्या, आणि शेवटी सहा लॅपची अंतिम शर्यत.

मोटारशर्यतींशी फारसा परिचय नसलेल्या वाचकाने एवढं चित्र डोळ्यांसमोर आणलं तरी पुढचं बरंचसं सोपं होईल. रॅली म्हटली की बंद केलेले रस्ते, पोलिसांची परवानगी, शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारा नॅव्हिगेटर, मागून धावणारी सर्व्हिसची गाडी, आणि दोन-तीन दिवसांचा मुक्काम आलाच. सर्किटवरची शर्यत म्हटली की कोट्यवधींचा ट्रॅक आला. रॅलीक्रॉसला यातलं काही लागत नाही. एक बंदिस्त मैदान, एक चालक, एक गाडी आणि मदतीला दोन-तीन माणसं एवढ्यावर भागतं. शर्यत छोटी असल्याने इंजिनाला तासन्‌तास तग धरावा लागत नाही, पेट्रोल थोडं जळतं, टायर बरेच दिवस टिकतात. नोकरी-धंदा सांभाळून रविवारी शर्यत करू पाहणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचा मोटारखेळ मला माहीत नाही.

चालकाची परीक्षा मात्र यात कुठेच सोपी होत नाही. डांबरावर टायर धरून राहतो, मुरुमावर तोच टायर घसरतो, आणि सस्पेन्शनचं सेटिंग दोन्हींसाठी एकच ठेवावं लागतं. डांबरासाठी गाडी कडक केली तर खडीवर ती उधळते. मातीसाठी मऊ ठेवली तर डांबरी वळणावर कलंडते. तडजोड कुठे करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यातच जोकर लॅप असतो. ट्रॅकला एक जास्त लांबीचा फाटा काढलेला असतो आणि प्रत्येक चालकाने शर्यतीत एकदा, फक्त एकदाच, त्यातून जायचं असतं. त्यात निदान दोन सेकंद जातात. पहिल्याच लॅपला तो उरकून मोकळ्या वाटेवर वेगाने धावायचं, की पुढच्या गाडीने तो घ्यावा म्हणून शेवटपर्यंत थांबायचं? उंचावर उभा असलेला स्पॉटर सगळा ट्रॅक बघत रेडिओवरून सांगत असतो, पण स्टिअरिंग वळवायचा क्षण चालकाचाच.

आणि हे सगळं प्रेक्षकाला एका जागेवरून दिसतं. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला सुटीपासून निकालापर्यंत सारं नजरेच्या टप्प्यात असतं आणि म्हणूनच गाव लोटतं. रॅलीक्रॉसचंही तसंच आहे. जंगलातल्या रॅलीत प्रेक्षकाच्या वाट्याला एका गाडीचे दोन सेकंद आणि मग धुरळा येतो. इथे पूर्ण शर्यत येते.

खरं तर हा खेळ जन्माला आला तोच बघणाऱ्याच्या सोयीसाठी. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये रॅली लोकप्रिय होती, पण ती टीव्हीवर दाखवणं महाकठीण. त्या काळचे बाह्य प्रक्षेपणाचे कॅमेरे अवजड, केबलला बांधलेले. आणि रॅलीच्या गाड्या रात्री-अपरात्री जंगलात धावणाऱ्या. एबीसी टेलिव्हिजनच्या शनिवारच्या क्रीडा कार्यक्रमासाठी निर्माता रॉबर्ट रीड यांना हिवाळ्यात दाखवता येईल असं काहीतरी हवं होतं. बड स्मिथ यांच्यासारखे क्लबचे संयोजक आणि केंट परगण्यातल्या लिडन हिल सर्किट चालवणारे बिल चेसन यांच्या मदतीने ते जमलं. रॅलीच्या गाड्या आणि रॅलीचे चालक एका छोट्या सर्किटवर आणायचे, अर्धी वाट डांबराची आणि अर्धी चिखल-गवताची ठेवायची, अशी ती कल्पना. ४ फेब्रुवारी १९६७ रोजी लिडन हिलवर पहिली रॅलीक्रॉस झाली. पोर्शे ९११ घेऊन उतरलेले विक एल्फर्ड जिंकले. पुढच्याच जानेवारीत याच एल्फर्डनी ९११मधूनच मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, यावरून त्या पहिल्या दिवशी कोणत्या तोडीची माणसं चिखलात उतरली होती ते कळतं.

तरीही ब्रिटनमध्ये हा खेळ टिकला तो क्लबांमुळे. टीव्हीचं लक्ष येतं-जातं; क्लबचा सभासद मात्र शनिवारी रात्री गॅरेजमध्ये असतोच. नेदरलँड्समध्ये १९६९ मध्ये वाल्कन्स्वार्डला हा खेळ पोचला, आणि तिथे यान दे रॉय आणि हॅरी दे रॉय या बंधूंनी घरगुती वापराच्या डाफ गाडीला चारचाकी ड्राइव्ह बसवून जे धाडस केलं ते आजही सांगितलं जातं. गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ही शांत कौटुंबिक गाडी चिखलात भल्याभल्यांना मागे टाकू लागली. (याच यान दे रॉय यांनी १९८७ मध्ये डाकार रॅलीतला ट्रकचा गट जिंकला.) १९७३ मध्ये युरोपीय पातळीवरची मालिका सुरू झाली आणि १९७६ मध्ये तिला जागतिक मोटारक्रीडा संघटनेच्या अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या लोएआक या लहानशा गावात मिशेल ओमेल या मासिक-प्रकाशकाने फ्रान्सची पहिली रॅलीक्रॉस घडवली. आज लोएआकच्या शर्यतीला हजारोंनी लोक जमतात, आणि त्या गावाची ओळखच मोटारीशी बांधली गेली आहे.

१९८६ नंतर या खेळाला एक अनपेक्षित वारसा मिळाला. त्या वर्षी कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि सर्जो क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि 'ग्रुप बी'च्या अतिशक्तिमान गाड्यांना जागतिक रॅलीतून बाद केलं गेलं. प्यूजो २०५ टी१६, फोर्ड आरएस२००, एमजी मेट्रो ६आर४ अशा गाड्या एकाएकी बेकार झाल्या. रॅलीक्रॉसने त्यांना १९९२ पर्यंत आसरा दिला. फिनलंडच्या मात्ती आलामाकी यांनी प्यूजोमधून १९८८ ते १९९० अशी लागोपाठ तीन वर्षं युरोपीय अजिंक्यपद मिळवलं. प्रेक्षकांसाठी तो सुवर्णकाळ होता. हौशी चालकासाठी मात्र वरच्या गटाचं दार त्याच काळात जड होत गेलं. हा पेच रॅलीक्रॉसला तेव्हापासून आहे. वरचं टोक जितकं झगमगतं तितकी खालून वर जाणारी शिडी लांबते.

ही शिडी कशी बांधायची याचं सर्वांत विचारपूर्वक उत्तर नॉर्डिक देशांनी शोधलं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

स्वीडनमध्ये फोकरेस नावाचा एक प्रकार आहे. फिनलंड आणि नॉर्वेत त्याची भावंडं आहेत. जुनी, स्वस्त, रस्त्यावरून निवृत्त झालेली गाडी घ्यायची. आतलं सगळं उपसून काढायचं. काचा काढून टाकायच्या, चालकासमोर लोखंडी जाळी लावायची. रोलकेज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा), सीट आणि हार्नेस बसवायचे. आणि मातीच्या ट्रॅकवर सहा-सहा जणांनी एकत्र सुटायचं. इथवर ऐकून कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? विशेष आहे ते शर्यत संपल्यावर. फोकरेसमधली प्रत्येक गाडी विकाऊ असते, आणि तिची किंमत नियमानेच ठरलेली असते. परवाना असलेला कोणीही स्पर्धक ठरलेल्या रकमेचा अर्ज देऊन कोणाचीही गाडी मागू शकतो. एका गाडीवर चार अर्ज आले तर चिठ्ठ्या टाकतात. नाव निघालं की गाडी द्यावीच लागते. नकार दिला तर शर्यत करण्याच्या हक्कावरच गदा येते.

याचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे. समजा, एखाद्या पैसेवाल्या चालकाने त्या जुन्या व्होल्वोत महागडं इंजिन घातलं, भारीतले शॉक-अ‍ॅब्सॉर्बर लावले आणि अंतिम शर्यत जिंकली. संध्याकाळी त्याच गाडीसाठी अर्जांचा ढीग पडणार आणि ठरलेल्या क्षुल्लक रकमेत ती कोणा सतरा वर्षांच्या पोराच्या ट्रेलरवर चढणार. मग पुढच्या वेळी तो पैसा गाडीत कशाला ओतेल? तांत्रिक तपासणीची फौज उभी करून, शेकडो पानांचे नियम लिहून जे साधत नाही ते या एका नियमाने साधलं. गाडी कुणाचीच फार चांगली नसते, म्हणून हात आणि डोकं यांचा कस लागतो. रस्त्यावर गाडी चालवायचा परवाना मिळायच्या आधीच मुलं-मुली यात उतरतात. एकाच घरातली दोन पिढ्यांची माणसं एकाच दिवशी वेगवेगळ्या गटांत धावतात. स्वीडन आणि फिनलंडसारख्या लहान लोकसंख्येच्या देशांनी एवढे रॅली आणि रॅलीक्रॉस चालक कसे दिले, या प्रश्नाचं मोठं उत्तर या मातीच्या ट्रॅकवर आहे. त्याच्या जोडीला मोटारसायकलचं इंजिन बसवलेले छोटे क्रॉसकार्ट आहेत. रॅलीचे माजी जगज्जेते पेटर सोलबर्ग यांचा मुलगा ऑलिव्हर सुरुवातीला त्यातच शिकला.

घराणी हा इथला आणखी एक विशेष. केनेथ हॅन्सन यांनी युरोपीय अजिंक्यपदं १४ वेळा मिळवली, पत्नी सुझान याही रॅलीक्रॉस चालक. त्यांचे मुलगे, धाकटा केव्हिन आणि थोरला टिमी, दोघे जागतिक पातळीवर धावले. २०१९ मध्ये केपटाउनच्या अखेरच्या शर्यतीनंतर टिमी आणि आंद्रेयास बाकरुड यांचे गुण समसमान झाले, आणि जास्त शर्यती जिंकल्या म्हणून जगज्जेतेपद टिमीला मिळालं. अनेक वेळचा जगज्जेता योहान क्रिस्टोफरसन याचे वडील टॉमीही या खेळातलेच. घरात गॅरेज, गॅरेजात बाप, आणि शेजारच्या तालुक्यात ट्रॅक, अशी सांगड तिथे सहज जमते.

ब्रिटननेही आपल्या परीने शिडी बांधली. तिथे १४ वर्षांची मुलं ज्युनिअर गटात सुझुकी स्विफ्टमधून रॅलीक्रॉस करतात. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, म्हणून बापाच्या खिशाचा प्रभाव कमी. आपल्याकडे २००५ पासून प्रत्येक गल्लीत दिसणारी स्विफ्ट या नावाची गाडी तिकडे मुलांना शर्यतीचा पहिला धडा देते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं. त्याशिवाय शेतातल्या ओबडधोबड वर्तुळावर चालणारी ऑटोग्रास ही तिथली अस्सल ग्रामीण शर्यत आहे. जुन्या मिनी आणि मायक्रा घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं तिथे तळ ठोकतात.

अमेरिकेचा मार्ग निराळा. तिथे एकाच नावाखाली दोन जगं उभी राहिली. एक दिखाऊ जग: २०११ ते २०१७ या काळातली ग्लोबल रॅलीक्रॉस मालिका, केन ब्लॉक, टॅनर फाउस्ट यांच्यासारखे तारे, बंदराच्या मोकळ्या जागेत उभारलेले तात्पुरते ट्रॅक, हवेतून झेपावणाऱ्या गाड्या. ही मालिका बंद पडली. ट्रॅव्हिस पास्ट्राना यांनी २०१८ मध्ये युटामध्ये नवी स्पर्धा सुरू केली. दुसरं जग अगदी साधं. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' हा क्लब ज्याला रॅलीक्रॉस म्हणतो त्यात गाड्या एकमेकींशी भिडतच नाहीत. गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडून वाट आखतात, एकेक गाडी घड्याळाविरुद्ध धावते. शंकू पाडला तर २ सेकंदांचा दंड, वाट चुकली तर १० सेकंदांचा. सगळ्या धावांच्या वेळांची बेरीज होते. एकच धाव जबरदस्त काढून भागत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोकं शांत ठेवावं लागतं. रोजच्या वापरातली गाडी चालते, हेल्मेट लागतं, आणि सोमवारी त्याच गाडीतून ऑफिसला जाता येतं. धावून झालं की आपणच मैदानात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलायचे, हाही त्या व्यवस्थेचा भाग. युरोपातले जाणकार याला रॅलीक्रॉस मानायला तयार होणार नाहीत. मला तो वाद गौण वाटतो. पहिल्यांदा मातीत गाडी घसरवणाऱ्या माणसाला बाजूला दुसरी गाडी नसणं हेच बरं.

आता वरच्या टोकाकडे. २०१४ मध्ये पोर्तुगालमधल्या मोंतालेग्रेपासून जागतिक अजिंक्यपदाची मालिका सुरू झाली आणि पेटर सोलबर्ग पहिला विजेता ठरला. ६००हून अधिक अश्वशक्तीच्या, थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग दोन सेकंदांच्या आत गाठणाऱ्या सुपरकार. फोक्सवॅगन, ऑडी, प्यूजो यांसारख्या कंपन्यांचा रस. स्वीडनच्या होल्येस गावात जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास तंबू ठोकून राहणारे प्रेक्षक. क्रिस्टोफरसनने २०२४ पर्यंत सात जगज्जेतेपदं मिळवली. २०१७ आणि २०१८ची त्याची विजेती गाडी फोक्सवॅगन पोलो होती. आपल्या चाकणच्या कारखान्यातून २००९ ते २०२२ या काळात जी पोलो बाहेर पडत होती तिचंच नाव आणि चेहरा मिरवणारी, आतून मात्र पूर्ण वेगळी. २०२२ मध्ये क्लारा अँडरसन ही जागतिक मालिकेत पहिल्या तिघांत येणारी पहिली महिला ठरली.

त्याच २०२२ मध्ये अव्वल गट पूर्णपणे इलेक्ट्रिक झाला. छोट्या शर्यतींना बॅटरी शोभते हे खरं, आणि त्या गाड्यांचा सुटतानाचा वेग थक्क करणारा होता हेही खरं. पण त्यांची किंमत काही लाख युरोंच्या घरात गेली आणि सुटीच्या रेषेवर येणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. जुलै २०२३ मध्ये, जिथे हा खेळ जन्मला त्याच लिडन हिलच्या पॅडॉकमध्ये आग लागून दोन इलेक्ट्रिक लान्चिया जळून खाक झाल्या, शर्यत रद्द झाली, आणि उरलेल्या मोसमात अव्वल चालकांना धाकट्या गटाच्या इलेक्ट्रिक गाड्यांत धावावं लागलं. २०२४ मध्ये इलेक्ट्रिक आणि पर्यायी इंधनावरच्या पेट्रोल इंजिनाच्या गाड्या एकत्र सोडून तोडगा काढला गेला. या सगळ्या काळात स्वीडनमधला फोकरेसचा रविवार चुकला नाही. कोणत्याही खेळाची प्रकृती तपासायची असेल तर नाडी शिखरावर नाही, पायथ्याशी पाहावी लागते, हे या तीन वर्षांइतकं स्पष्टपणे मी आणखी कुठे पाहिलेलं नाही.

भारतात हा विषय आत्ताच का मांडायचा? आपल्याकडे मातीवरच्या मोटारशर्यतीची परंपरा आहे. १९८० मध्ये मुंबईच्या नाझिर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९८८ पासून आहे, आणि तिची महाराष्ट्रातली फेरी अनेक वर्षं नाशिकने सांभाळली. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक मालिकेत धावले. कोल्हापुरात मोहित्यांच्या अकादमीने कित्येक तरुणांना स्टिअरिंग धरायला शिकवलं. पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात ऑटोक्रॉस आणि डर्ट ट्रॅकच्या स्पर्धा होत आल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मोटारसायकलींच्या सुपरक्रॉस लीगची सुरुवात झाली तेव्हा मातीवरचा खेळ बघायला शहरी प्रेक्षक येतो, हेही दिसलं.

म्हणजे माणसं आहेत, माती आहे, गॅरेजं तर आहेतच. जुन्या एस्टीम आणि जिप्सी रॅलीसाठी तयार करून देणारे मिस्त्री या पट्ट्यात आजही भेटतात. त्यांचं ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. दुसरीकडे, गाडीचं वेड लागलेला विशी-बाविशीतला मुलगा रात्री दोन वाजता बायपासवर किंवा घाटात वेग तपासतो, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, आणि अधूनमधून सकाळच्या पेपरात त्याची बातमी येते. त्याला आपण दंड करतो, समज देतो. जायला जागा देत नाही. परवडणारी, देखरेखीखालची, रविवारी सकाळी उघडणारी जागा. हे पुस्तक लिहिण्यामागे माझ्या मनात सर्वांत तीव्र कारण हेच आहे.

ऑटोक्रॉसपासून रॅलीक्रॉसपर्यंत जायला आपल्याकडे नेमकं काय आडवं येतं, याचा विचार करताना पहिलं उत्तर पैसा असं येतं. ते अपुरं आहे. मला धूळ ही तितकीच मोठी अडचण वाटते. ऑटोक्रॉसमध्ये एक गाडी धावते, फार तर दोन, त्याही वेगळ्या वाटांनी. तिने उडवलेला धुरळा तिच्या मागे राहतो. पाच गाड्या एकत्र सुटल्या की मागच्या चौघांना पुढचं काहीच दिसत नाही, आणि न दिसणं म्हणजे सरळसरळ अपघात. युरोपातल्या थंड, ओल्या हवेत हा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो. सोलापूर-नगरच्या मार्च महिन्यात तो दर हीटला नव्याने उभा राहतो. दोन हीटमध्ये पाण्याचा टँकर फिरवावा लागतो, आणि टंचाईच्या दिवसांत ते पाणी आणायचं कुठून हा प्रश्न संयोजकाने प्रामाणिकपणे स्वतःला विचारायला हवा. मातीचंही तसंच. काळी चिकण माती पहिल्या सरीला चाकाला धरते आणि ट्रॅक संपतो. मुरूम पाणी जिरवतो, दाबला की घट्ट बसतो. कोकणातला जांभाही धरून राहतो. माझ्या अंदाजाने आपला खरा मोसम पाऊस संपून जमिनीत ओल असतानाचा, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा. वळणांवर, जिथे गाड्या एकमेकींना भिडतात तिथे, डांबर किंवा काँक्रीट आणि सरळ पट्ट्यांवर मुरूम, अशी उलटी मांडणी केली तर धूळ बरीच आटोक्यात येईल, असा एक प्रस्ताव या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. त्यावर वाद व्हावा अशी इच्छा आहे.

दुसरी अडचण सुरक्षिततेच्या क्रमाची. नवा हौशी चालक गाडी बनवायला घेतो तेव्हा आधी एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलतो, मग टायर, मग रंग आणि स्टिकर. रोलकेज "पुढच्या महिन्यात." हा क्रम नेमका उलटा हवा. आधी रोलकेज, सीट, हार्नेस, प्रमाणित हेल्मेट आणि अग्निशामक, मग ब्रेक, मग टायर. इंजिनाला पहिलं वर्षभर हात लावू नये. कारखान्यातून आलेल्या ताकदीतही नवशिक्याला मातीवर शिकण्यासारखं भरपूर असतं. भंगाराच्या वाटेवर असलेली मारुती ८०० किंवा झेन, सांगाडा गंजलेला नसेल तर, या कामाला पुरते. स्वस्त गाडी आणि महाग सुरक्षा, हे सूत्र नॉर्डिक देशांनी पाळलं आणि म्हणून त्यांच्या मुलांच्या आया मैदानाच्या कडेला निवांत बसू शकतात.

तिसरी गोष्ट माणसांची. झेंडा दाखवणारा मार्शल, वेळ नोंदवणारा, तांत्रिक तपासणी करणारा, रुग्णवाहिकेजवळ उभा असलेला डॉक्टर. शर्यत यांच्यावर उभी असते, आणि यांच्याविषयी आपल्याकडे कोणी लिहीत नाही. पिवळा झेंडा वेळेवर हलला की नाही यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून या पुस्तकात चालकाइतकीच जागा मार्शलला दिली आहे, आणि ज्यांना गाडी घेणं परवडत नाही त्यांनी या खेळात याच दाराने यावं असा माझा आग्रह आहे. ट्रॅकच्या कडेला उभ्या उभ्या जितकं कळतं तितकं वर्षभर व्हिडिओ बघूनही कळत नाही.

पुस्तकाचा आवाका यातून लक्षात येईल. रॅलीक्रॉसचा समग्र इतिहास देण्याचा हा प्रयत्न नाही. जगज्जेत्यांच्या याद्या आणि गाड्यांचे तपशील इंग्रजीत मुबलक मिळतात. निरनिराळ्या देशांनी सामान्य माणसासाठी दार कसं उघडलं, त्यातल्या कोणत्या युक्त्या इथल्या मातीत, इथल्या खिशात आणि इथल्या कायद्यात बसतील, आणि कोणत्या बसणार नाहीत, एवढाच शोध यात आहे. फोकरेसचा विक्रीचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालेल का, याबद्दल माझं मत पुस्तक लिहिता लिहिता बदलत गेलं. गाडीवर आपला जीव असतो, ती घरातल्या माणसासारखी असते. ठरलेल्या भावात ती परक्याच्या हाती देणं अनेकांना पटणार नाही. त्यापेक्षा क्लबच्याच मालकीच्या पाच-सहा सारख्या गाड्या आणि सकाळी चिठ्ठ्या टाकून त्यांचं वाटप, हा मार्ग सुरुवातीला अधिक जवळचा वाटतो. वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपलं ठरवावं.

भाषेबद्दल इतकंच की गॅरेजमध्ये जे शब्द चालतात तेच इथे ठेवले आहेत. मिस्त्रीला जो शब्द कळणार नाही तो या पुस्तकात येऊ नये याची शक्य तितकी काळजी घेतली आहे.

एक सूचना मात्र पानं उलटण्याआधीच. रोलकेजच्या नळीची जाडी, जोडणीच्या जागा, हार्नेसच्या पट्ट्यांची मापं असे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत. हे नियम बदलत असतात आणि जुन्या आकड्यावर विसंबून वेल्डिंग केलेलं रोलकेज तपासणीत नापास होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे अपघातात दगा देतं. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची चालू वर्षाची नियमावली मिळवावी, स्पर्धेचा परवाना काढावा, आणि गाडीला कटर लावण्याआधी आपल्या भागातल्या क्लबच्या तपासनिसाला गाडी दाखवून घ्यावी.